ऱ्हस्वदीर्घाची लढाई आणि बाईंची साक्ष

पेंटरांवर फौजदारी खटला कैसा गुदरला, खालच्या अदालतीने त्यांचा एकुलता एक साक्षीदार दारातून कैसा परतविला, आणि उच्च न्यायालयाने तोच साक्षीदार सन्मानाने जिना चढवून कैसा आणविला, हे वर्तमान साद्यंत लिहून ठेवावे ऐसा आग्रह आळीतील वडीलधाऱ्यांनी धरिला. त्यावरून जे डोळ्यांनी देखिले, जे कानांनी ऐकिले, आणि जे कोर्टाच्या कँटीनमध्ये चहाच्या कपासोबत हाती आले, ते पदरचे काही न घालता लिहितो. कोठे घातले गेले असेल तर वाचणाराने किंचित खाकरावे आणि पुढे जावे.

पेंटर म्हणजे कोण, तर शहरातील तमाम पाट्यांचे धनी. दवाखाने, शाळा, चष्म्यांची दुकाने, वकिलांच्या कचेऱ्या, खुद्द अदालतीचा व्हरांडा, जेथे जेथे काही लिहून टांगावयाचे तेथे तेथे तीस वर्षे यांचाच कुंचला फिरला. अक्षर ऐसे की गिऱ्हाईक पाटी वाचण्याचे विसरून नुसते पाहतच राही. परंतु या बहाद्दराच्या अमलाखाली एक गुप्त भुयार होते. ते ऐसे की, त्यांस ऱ्हस्व कोणते आणि दीर्घ कोणते हे जन्मात उमजले नाही. वेलांटी पहिली की दुसरी याचा निवाडा ते कानाने न करिता एक डोळा बारीक करून करीत, आणि अक्षराच्या ज्या अंगास जागा मोकळी दिसे त्या अंगास वेलांटी बसवीत. स्वल्पविरामास तर ते रंगाचा ओघळ समजत आणि ओल्या फडक्याने पुसून टाकीत.

हे भुयार एकट्या त्यांच्या कुटुंबास ठाऊक, ऐशी पेंटरांची समजूत. आळी त्यांस वहिनी म्हणे. वहिनींनी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात हा प्रकार ताडिला आणि कोणास एक अवाक्षर न बोलता बंदोबस्त लाविला. हरएक पाटीचा मजकूर त्या चिठ्ठीवर शुद्ध लिहून देत, आणि पेंटर ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात दडवून मोहिमेवर जात, आणि मग फत्ते जाहली की चिठ्ठी टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवीत. वहिनी माहेरी गेल्या किंवा आजारी पडल्या की मात्र शहरात 'चष्मे मीळतील', 'दूपारी बंद' ऐशा पाट्या उगवत. लोक त्या वाचून चष्मे घेत आणि दुपारी येत नसत. बाकी कोणाचे काही अडले नाही.

ऐशा समयी शहराचे पाणी गेले. नऊ दिवस नळातून घशात अडकल्यासारखा आवाज येई, पाणी न येई. बायाबापड्या बादल्या घेऊन जलखात्याच्या कचेरीपुढे जमा जाहल्या. तेव्हा जलखात्याचे थोरले साहेब, जे उपाय करण्याआधी पाटी लावण्यात निपुण होते, त्यांनी पेंटरांस बोलावून खिडकीतूनच तोंडी हुकूम केला की, बाहेरच्या पांढऱ्या भिंतीवर तक्रारींविषयी एक ओळ आजच्या आज रंगवावी. वहिनी तेव्हा बहिणीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनासाठी परगावी. चिठ्ठी नाही, कुमक नाही, आणि साहेब खिडकीत उभे. पेंटरांनी ईश्वरावर हवाला ठेविला, निळ्या रंगात ओळ काढिली, शिडी उचलिली आणि दिवे लागायच्या आत घर गाठिले.

दुसरे दिवशी सकाळी त्या निळ्या ओळीच्या शेजारी, हातभर उंचीच्या लाल अक्षरांत, दुसरी एक ओळ उभी:

महाशय, आपण निद्रिस्त आहात, की निरुपयोगी?

थोरल्या साहेबांनी ती गाडीतून उतरता उतरता वाचिली. चेहऱ्याचा रंग त्या लाल रंगाच्या जवळ गेला. त्यांनी लाल ओळीचा तेवढा फोटो काढविला, पोलिसांत वर्दी दिली, आणि दुपारच्या आत निळ्या-लाल दोन्ही ओळींसकट अवघी भिंत चुन्याने पांढरी करविली. आणि नवल ऐसे की त्याच दिवशी संध्याकाळी नळास पाणी आले. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे ऐसे बखरकार म्हणत नाही, आळी म्हणते.

मग शोध लागला. पहारेकरी म्हणाला, आदल्या दिवशी भिंतीपाशी शिडीवर चढलेले एकटे पेंटर पाहिले. पेंटरांच्या घरची झडती जाहली, तो लाल रंगाचा डबा सापडला. पेंटराच्या घरी लाल रंग सापडावा याचे पोलिसांस बहुत आश्चर्य वाटले. अक्षरतज्ज्ञ म्हणोन एक गृहस्थ आणिले, त्यांनी बारा पानी अहवाल दिला, त्याचा सारांश इतकाच की लाल अक्षर सुरेख आहे आणि आरोपीचेही अक्षर सुरेख आहे. सरकारी भिंत विद्रूप करणे आणि अंमलदाराची बेअदबी करणे ऐशी दोन कलमे लागली. वर्षभराच्या कैदेची तजवीज त्यांत होती. पेंटर जामिनावर घरी आले, परंतु कचेऱ्यांनी त्यांस पाट्या देणे थांबविले, आणि अठ्ठावन्न वर्षांचा तो पुरुष कुंचले धुऊन, पुसून, पुन्हा धुऊन बसू लागला.

वकीलपत्र त्यांच्या भाचीने घेतले. वकिलीस दोन वर्षे जाहली होती आणि कचेरी झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, जेथे बोलताना मध्ये मध्ये यंत्र थांबण्याची वाट पाहावी लागे. भाचीने मामांस तीनदा विचारिले आणि मामा तीनदा म्हणाले की मी लिहिले नाही. मग कोणी लिहिले, तर ठाऊक नाही. तुम्ही लिहिले नाही हे कोण सांगेल, तर त्यावर मामा खिडकीबाहेर पाहू लागत.

अशात एके सकाळी, सुनावणीची तारीख तोंडावर असता, काठीचा आवाज करीत बाई वर आल्या. बाई म्हणजे एक्याऐंशी वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षे तिसरी-चौथीस शिकविले, आणि निवृत्तीनंतर पेन्शनीबरोबर शहराच्या पाट्यांची जोखीम आपण होऊन पत्करिली. रोज सकाळी फेरी निघे. पिशवीत कापडी बांधणीची वही आणि लाल पेन्सिल. चुकलेली पाटी दिसली की तारीख, वेळ, ठिकाण, चूक आणि शुद्ध रूप टिपून घेत, आणि मग दुकानात जाऊन मालकास सौम्य शब्दांत कळवीत. बाई लांबून दिसताच धीराचे म्हणविणारे दुकानदार गल्ल्याखाली काहीतरी शोधू लागत. त्या वेळी अकरावी वही चालू होती.

बाईंनी खुर्ची ओढिली, वर्तमानपत्रातला भिंतीचा फोटो टेबलावर ठेविला आणि त्यावर बोट टेकविले.

"तुझ्या मामाने हे लिहिलेलं नाही."

"कशावरून, बाई?"

"यात एकही चूक नाही."

भाचीस वाटले, वयाचा परिणाम असावा. तेव्हा बाईंनी वही उघडून त्या सकाळची नोंद पुढे केली. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. 'जलखात्याची भिंत. निळा रंग: तक्रारि येथे स्विकारल्या जातिल. चुका तीन. शेजारी लाल रंगात दुसरे वाक्य. निर्दोष. स्वल्पविरामासह.' मग मागची पाने उलटीत गेल्या, मग पिशवीतून दहावी वही, नववी वही. मामांच्या हातच्या चुकलेल्या पाट्या सत्तावीस. त्यांपैकी नऊ पाट्यांत 'की' हे अक्षर आलेले, आणि नऊही ठिकाणी वेलांटी पहिली. लाल ओळीतल्या 'की'स मात्र दुसरी.

"ज्याला दुपार लिहिता येत नाही, तो निद्रिस्त आणि निरुपयोगी एका दमात बरोबर लिहील?" बाई म्हणाल्या. "आणि वर दोन स्वल्पविराम देईल? तिसरीत मी त्याला स्वल्पविराम शिकवला तेव्हा तो म्हणाला, बाई, इथे डाग पडलाय."

खाली यंत्र थांबले होते. भाचीच्या ध्यानी आले की भिंत चुन्याखाली गेली, निळी ओळ गेली, फोटोत ती आली नाही, आणि ती ओळ चुकलेली होती याचा साऱ्या पृथ्वीवर हा एकच लेख उरला आहे.

परंतु मसलत पेंटरांपुढे मांडिली तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. आजवर त्यांस कोणी रागावलेले पाहिले नव्हते. ते म्हणाले, "वर्षभर आत बसेन. बाहेर येऊन पुन्हा पाट्या रंगवीन. पण हे एकदा कोर्टात वाचलं गेलं, की मला पाटी कोण देईल? पेंटरला लिहिता येत नाही म्हटल्यावर उरलं काय?"

बोलणे खोटे नव्हते. वहिनी गव्हाच्या डब्याचे झाकण लावीत होत्या. त्यांनी झाकण लाविले, हात पुसले आणि येऊन समोर बसल्या.

"तीस वर्षं मी चिठ्ठ्या लिहिल्या," त्या म्हणाल्या. "कुणाला कळू दिलं नाही. आता तुम्ही आत गेलात तर तिथून मला पत्र पाठवाल. त्याचा अर्थ लावून घ्यायला मला दर खेपेला बाईंकडे जावं लागेल. म्हणजे आळीभर ते कळायचंच आहे. मग एकदाच सांगून मोकळे होऊ या की."

पेंटरांस हसू आले. खटला गुदरल्यापासून ते प्रथमच हसले. म्हणाले, "सांगा. पण मी मान वर करणार नाही." या अटीवर तह जाहला.

खालच्या अदालतीचे न्यायाधीश वेगाविषयी प्रसिद्ध होते. टेबलावर त्यांचे स्वतःचे घड्याळ असे, आणि तुंबलेली प्रकरणे निकाली काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. सरकारने सात साक्षीदार तपासिले, ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग बचावाची पाळी आली. भाचीने यादी दिली. यादीत एक नाव. हा साक्षीदार काय शाबीत करणार ऐसे अदालतीने पुसिले.

"आरोपीला शुद्ध लिहिता येत नाही, हे."

न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेविला, घड्याळाकडे पाहिले, पुन्हा चष्मा लाविला आणि हुकूम सांगितला तो ऐसा: शुद्धलेखन हा फौजदारी कायद्याचा विषय नव्हे, साक्षीदार वयोवृद्ध, अदालत दुसऱ्या मजल्यावर असोन जिना उंच, येणेप्रमाणे अर्ज केवळ कालहरणासाठी केलेला दिसतो, सबब नामंजूर.

बाई खाली व्हरांड्यात साक्षीदारांच्या बाकावर सकाळी दहापासून बसल्या होत्या. इस्त्रीचे पातळ नेसून, तिन्ही वह्या मांडीवर घेऊन. शिपायाने येऊन सांगितले की आपले काम नाही, घरी जावे. चाळीस वर्षे ज्यांनी इतरांस वर्गाबाहेर काढिले त्यांस आज प्रथमच कोणी बाहेर काढीत होते. त्या उठल्या नाहीत. भाची उतरून आली तेव्हा म्हणाल्या, "मला विचारलंसुद्धा नाही गं. मी काय सांगणार आहे ते विचारायचं तरी." आणि न उघडलेल्या वह्या त्यांनी एकेक करून पिशवीत परत घातल्या. भाचीने ते पाहिले, आणि मोहीम उच्च न्यायालयावर न्यावयाची हे तिने त्याच जागी मनाशी नक्की केले.

अर्जी लिहिली. लिहिली म्हणजे भाचीने लिहिली, बाईंनी लाल पेन्सिलीने तपासिली, भाचीने पुन्हा लिहिली, बाईंनी पुन्हा तपासिली. तिसऱ्या खेपेस बाईंनी पेन्सिल न टेकविता पान उलटे करून ठेविले, तेव्हा भाचीस परीक्षा पास जाहल्याचा आनंद जाहला. मग काळा गाऊन एका ज्येष्ठ वकिलाकडून उसना घेतला. तो वीतभर लांब होता, म्हणोन वहिनींनी आतून टाके घालून वर घेतला. भाची पहाटेच्या बसने निघाली, चार तास उभी राहिली, कारण बसल्यास गाऊनास सुरकुती पडेल ऐसे तिच्या मनाने घेतले, आणि दुपारी उच्च न्यायालयाच्या सातव्या दालनात दाखल जाहली.

सरकारपक्षी मोठे नामांकित वकील उभे. त्यांजमागे दोन सहायक, त्यांजमागे ग्रंथांचा ढीग. भाचीपाशी एक फाइल. न्यायमूर्ती पांढऱ्या केसांचे, अत्यंत मितभाषी, आणि कागदावर टोकदार पेन्सिल धरून ऐकण्याची त्यांस सवय. सरकारी वकिलांनी पाऊण तास हल्ला चढविला. म्हणाले की आरोपीची बाजू म्हणजे खटला लांबविण्याची युक्ती. म्हणाले की खालच्या अदालतीचा वेळ मोलाचा. म्हणाले की आज व्याकरणाच्या बाई आणल्या, उद्या चित्रकलेचे मास्तर आणतील, परवा शिडी विकणारा आणतील, आणि मग खटले चालावयाचे कैसे.

न्यायमूर्तींनी पेन्सिल खाली ठेविली. "उद्याच्या मास्तरांचं उद्या पाहू. आज एकच बाई आहेत ना?"

"होय."

"सरकारचे साक्षीदार किती तपासले?"

"सात."

"त्यांतला एक अक्षराबद्दलच बोलला ना? अक्षर कसं आहे ते सरकारने सांगायचं, आणि लिहिलंय कसं ते आरोपीने सांगायचं नाही, असं म्हणणं आहे का?"

नामांकित वकिलांनी मागे पाहिले. सहायकांनी एक ग्रंथ पुढे केला. तो उघडेपर्यंत न्यायमूर्तींनी दुसरा प्रश्न घातला. "आणि बाईंची साक्ष निरुपयोगी आहे, हे खालच्या कोर्टाला बाईंचं ऐकायच्या आधी कळलं कसं?"

त्या प्रश्नास ग्रंथात उत्तर नव्हते. भाचीने बोलण्यास तोंड उघडिले, परंतु न्यायमूर्तींनी हात वर केला. तिने तो राग समजून धसका घेतला, आणि मग ध्यानी आले की आता बोलण्याची गरजच उरली नाही.

हुकूम त्याच दिवशी जाहला. त्यातील कलमे येणेप्रमाणे. आरोपीने आपल्या बचावासाठी साक्षीदार बोलवावा हा त्याचा हक्क आहे, अदालतीची मेहेरबानी नव्हे. तो नाकारावयाचा तर हेतू छळण्याचा, वेळ काढण्याचा किंवा न्याय बुडविण्याचा आहे ऐसे दिसले पाहिजे, आणि का दिसले ते कारणांनिशी लिहिले पाहिजे. साक्षीदाराचे वय हे कारण नव्हे. विषय अदालतीस हलका वाटणे हे कारण नव्हे. ज्याची एक वर्षाची मोकळीक पणास लागली त्यास अदालतीचा एक तास मागण्याचा अधिकार आहे. साक्ष किती वजनाची हे साक्ष ऐकिल्यावर ठरवावे. जिना उंच असेल तर साक्षीदारास वर आणण्याची तजवीज अदालतीने करावी. जिना उंच आहे म्हणोन हक्क खालच्या मजल्यावर ठेवता येत नाही. आणि शेवटी, जे हुकुमात नाही ते ऐसे की, अर्जी परत देताना न्यायमूर्ती भाचीस म्हणाले, "नीट लिहिलेला अर्ज फार दिवसांनी वाचला." भाचीने हे वाक्य बसमध्ये चार तास मनात घोळविले. या खेपेस ती बसून आली.

मग साक्षीचा दिवस उजाडला. खालच्या अदालतीचे न्यायाधीश वेगवान होते परंतु मनाचे कोते नव्हते. हुकूम शिरसावंद्य मानून त्यांनी एक हातांची खुर्ची आणि चार शिपाई जिन्याच्या पायथ्याशी हजर ठेविले. बाईंनी खुर्चीकडे पाहिले, शिपायांकडे पाहिले. चारांपैकी एक त्यांचा विद्यार्थी निघाला.

"उचलून नेतोस मला?" बाई म्हणाल्या. "सरक बाजूला."

आणि त्या आपल्या पायांनी चढू लागल्या. पायऱ्या सेहेचाळीस. उजवा गुडघा जायबंदी. दर पायरीस आधी काठी, मग डावा पाय, मग थोडा विचार, मग उजवा पाय. मागून वहिनी वह्यांची पिशवी घेऊन, त्यांच्यामागे चार शिपाई रिकामी खुर्ची घेऊन. पहिल्या वळणावर बाई थांबल्या, खुर्ची टेकविली गेली, बाई बसल्या नाहीत. दुसऱ्या वळणावर उतरणारे वकील भिंतीस चिकटून उभे राहिले आणि वाट दिली. तिसऱ्या वळणावर बाई पाच मिनिटे बसल्या, आणि मग पुढे निघाल्या. वर न्यायाधीशांनी पंचवीस मिनिटे दुसरे कोणतेही प्रकरण पुकारिले नाही. घड्याळ टेबलावर होते. त्यांनी ते भिंतीकडे तोंड करून ठेविले.

पेंटर आरोपीच्या पिंजऱ्यात, मान खाली. कराराप्रमाणे.

बाईंनी शपथ घेतली आणि साक्ष दिली. निळी ओळ वाचून दाखविली, तीन चुका सांगितल्या. लाल ओळ वाचून दाखविली, शून्य चुका सांगितल्या. सत्तावीस पाट्या तारीखवार सांगितल्या. त्यांत एकविसावी 'साक्षिदारांनी येथे बसावे', मुक्काम याच अदालतीचा व्हरांडा, सहा वर्षांपूर्वी. न्यायाधीश त्या पाटीखालून सहा वर्षे ये-जा करीत आले होते. ते साक्ष स्वहस्ते उतरवून घेत राहिले. लिहिता लिहिता एका शब्दापाशी त्यांची लेखणी थांबली. बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून पाहत होत्या.

"दीर्घ," बाई म्हणाल्या.

अदालतीने दीर्घ केले.

मग सरकारी वकील उलटतपासास उठले. त्यांनी आपले अखेरचे अस्त्र काढिले. म्हणाले, आरोपी धूर्त आहे. चुका तो मुद्दाम करीत असेल.

"तिसरीपासून करतोय," बाई म्हणाल्या. "तेव्हा तुमच्या जलखात्याच्या साहेबांचा जन्मही झाला नव्हता. त्यांच्यासाठी इतक्या आधीपासून तयारी कोण करेल?"

"पण कुणी शुद्ध लिहून दिलं असेल, आणि याने ते उतरवलं असेल."

"लिहून देणारी त्या आठवड्यात परगावी होती. म्हणून तर शेजारच्या ओळीत तीन चुका आहेत. लिहून देणारं कुणी असतं, तर त्याने साहेबांची ओळ आधी सुधारून घेतली असती."

"मग ही लाल ओळ कुणाची?"

बाईंनी फोटो पुन्हा हातात घेतला आणि डोळ्यांजवळ धरिला. "चाळीस वर्षं शिकवलं मी. चार हजार तरी मुलं हाताखालून गेली असतील. त्यांतलं कोण, मला माहीत नाही, आणि माझ्या वहीत बरोबर लिहिणाऱ्यांची नावं नसतात. पण शिकवलेलं अगदीच वाया गेलं नाही, एवढं दिसतंय."

सरकारी वकील बसले. भाची म्हणाली की फेरतपास नाही. न्यायाधीशांनी बाईंस विचारिले की आणखी काही सांगावयाचे आहे काय. खालच्या अदालतीत हा प्रश्न बहुत दिवसांत कोणास विचारिला गेला नव्हता.

"आहे," बाई म्हणाल्या. "मी त्याच्या चुकाच सांगितल्या. कोर्टाने तेवढंच लिहून घेऊ नये. असं अक्षर माझ्या हाताखालून दुसरं गेलं नाही. बाकीच्यांची चुकलेली पाटी मी एकदा वाचते. त्याची दोनदा वाचते. एकदा चुकीसाठी आणि एकदा अशीच."

पिंजऱ्यात पेंटरांनी मान वर केली. तह त्यांनीच मोडिला.

निकाल आठ दिवसांनी जाहला. बाईंची साक्ष विश्वासार्ह. नोंद घटनेच्या सकाळचीच आणि भिंत पुसली जाण्याआधीची. एकाच भिंतीवर एकाच दिवशी एकच हात तीन चुका करितो आणि लगेच निर्दोष होतो हे संभवत नाही. आरोपी दोन्ही कलमांतून मुक्त. निकालपत्र वाचून न्यायाधीश म्हणाले की मागील हुकूम घाईने जाहला होता. इतके म्हणोन पुढचे प्रकरण पुकारिले.

बाहेर व्हरांड्यात आळी लोटली होती. पेंटरांच्या चुका आता सर्वतोमुखी जाहल्या होत्या, आणि चष्मेवाले तर आपली पाटी उतरवून घेऊन आले होते, दुरुस्तीसाठी नव्हे, सही करून घेण्यासाठी. पेंटरांस हसावे की लपावे हे कळेना. वहिनींनी त्यांचा सदरा मागून सरळ केला आणि म्हणाल्या, "चला आता. बाईंना खाली न्यायचंय."

बाई निकाल ऐकण्यास हट्टाने पुन्हा वर आल्या होत्या. उतरताना त्यांनी काठी वहिनींकडे दिली आणि पेंटरांचा दंड धरिला. दोघे एकेक पायरी उतरत आले. पन्नास वर्षांत गुरुशिष्य इतका वेळ एकमेकांशेजारी नव्हते. शेवटच्या पायरीवर बाई दम घेण्यास थांबल्या.

"उद्या चार वाजता घरी ये. वही आण. दुरेघी."

"बाई, मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे."

"मग उशीर करू नकोस," बाई म्हणाल्या.

येणेप्रमाणे पेंटरांची फत्ते जाहली. एक वह्यांची पलटण, एक वीतभर लांब गाऊन आणि एक जायबंदी गुडघा इतक्या सैन्यानिशी सात साक्षीदारांचा मोड जाहला, आणि आरोपीचे म्हणणे ऐकिल्यावाचून ते हलके ठरवू नये हा शिरस्ता त्या अदालतीत कायम जाहला. दुसरे दिवशी पेंटर चार वाजण्यास दहा मिनिटे असताना बाईंच्या दारी उभे होते. केस विंचरलेले, दुरेघी वही काखेत. घंटा वाजवावी की नाही याचा त्यांनी पुरी दहा मिनिटे विचार केला, आणि चारच्या ठोक्यास वाजविली. हे वर्तमान समोरच्या खिडकीतून खुद्द बखरकाराने पाहिले, म्हणोन खरे जाणावे.